विश्लेषण : मुक्ताईनगरच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला एक क्रमांक का हवा?

प्रवेश, दाखले, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज… सगळे काही ऑनलाइन झाले. पण अडचण आली तर विचारायचे कोणाला, हे मात्र ठरलेले नाही. तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी मिळून विद्यार्थ्यांसाठी एक सामायिक चॅट मदत क्रमांक सुरू केला तर काय साधेल, तो कसा चालवावा आणि त्यात कोणते धोके आहेत, याचा हा आढावा.

दहावी-बारावीचा निकाल लागला की मुक्ताईनगरात रांगा दिसू लागतात. एक रांग दाखल्यांसाठी सेतू आणि महा-ई-सेवा केंद्रासमोर, दुसरी अर्ज भरून घेण्यासाठी सायबर कॅफेत. तिसरी रांग मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती मोबाइलमध्ये असते. ‘सर, साइट चालत नाही’, ‘नॉन-क्रीमीलेअर मागच्या वर्षीचे चालेल का?’, ‘पहिल्या फेरीत नाव लागले, पण कॉलेज नको आहे, काय करू?’ असे प्रश्न वर्गाच्या, गावाच्या, क्लासच्या ग्रुपवर पडतात. काहींना उत्तर मिळते. काहींना चुकीचे उत्तर मिळते. उरलेले प्रश्न वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले जातात.

शहरातल्या मुलाला अशा वेळी विचारायला कोणी तरी असते. मामा इंजिनीअर असतो, शेजारची ताई त्याच प्रक्रियेतून गेलेली असते. कुऱ्हा, अंतुर्ली किंवा उचंद्याच्या ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी बारावीच्या पुढे जात आहे, तिथे ही सोय नसते. वडील केळीच्या बागेत, आई मजुरीला, आणि अर्जाची मुदत संध्याकाळी संपणार. जळगावला जाऊन चौकशी करायची तर सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास, भाडे आणि एक दिवसाचा खाडा. म्हणून प्रश्न साधा आहे. जो मोबाइल घरात आहेच, त्याच्यावर खात्रीचे उत्तर मिळण्याची व्यवस्था का असू नये?

अडचण नेमकी कुठे आहे?

माहिती नाही, अशी स्थिती नाही. माहिती भरपूर आहे, पण ती विखुरलेली आहे आणि दरवर्षी बदलते.

अकरावीचेच घ्या. पूर्वी केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरते होते. २०२५-२६ पासून ते संपूर्ण राज्याला लागू झाले. म्हणजे मुक्ताईनगरच्या मुलाने ज्या कनिष्ठ महाविद्यालयात वडिलांसोबत जाऊन प्रवेश घेतला असता, त्यासाठीही आता नोंदणी, पसंतीक्रम आणि फेऱ्या आल्या. मे २०२५ मध्ये नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्या दिवसांत राज्यभरातले पालक एकच गोष्ट विचारत होते : आता काय करायचे?

त्याच प्रक्रियेत एक नियम होता. दहापर्यंत पसंती देता येत होत्या, पण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतही २०२५-२६ साठी नियम बदलले. फेऱ्या तीनवरून चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी जागा मिळाली, तर ती स्वीकारणे भाग पडले. मोठ्या भावाने दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून दिलेला सल्ला इथे चुकतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण नियम बदललेले असतात.

चुकीच्या उत्तराची किंमत किती?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे, ही एक अट. दुसरी अट तितकीच महत्त्वाची आहे : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही.

समजा, तालुक्यातील एका मुलीला दुसऱ्या फेरीनंतर कोणी सांगितले, ‘आता जागा मिळणार नाही, कॉलेजात थेट जाऊन प्रवेश घे.’ तिने घाईने तसे केले. पुढच्या फेरीत तिला कदाचित जागा मिळाली असती आणि शुल्क माफ झाले असते. एका वाक्याच्या सल्ल्याने चार वर्षांच्या शुल्काचा भार घरावर आला. अशा वेळी कित्येक घरांत पुढचा निर्णय ठरलेला असतो : मुलीचे शिक्षण थांबवायचे.

दाखल्यांचेही असेच आहे. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. जात वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत सादर झाले नाही, तर राखीव प्रवर्गाचा दावा जातो आणि विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो. बारावी विज्ञानाचा विद्यार्थी वैधतेसाठी महाविद्यालयामार्फत आधीच अर्ज करू शकतो, हे अनेकांना निकालानंतर कळते. तोपर्यंत समितीकडे गर्दी झालेली असते.

महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीत आणखी एक खाचखळगा आहे. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. विद्यार्थी ज्या खात्याची वाट पाहत बसतो, ते खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे भलत्याच जुन्या खात्यात जातात किंवा अडकतात. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडून आहे की समाजकल्याण विभागाकडे गेला, हे विद्यार्थ्याला पडद्यावर दिसते. पण त्या शब्दांचा अर्थ सांगणारा कोणी नसतो.

आधीचे प्रयोग काय शिकवतात?

चॅटवरून शिक्षण हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. करोनाकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे अभ्याससाहित्य शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून घरोघरी पोहोचत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये परिषदेने ‘स्वाध्याय’ ही योजना सुरू केली. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर सराव प्रश्न येत, विद्यार्थी उत्तरे देत आणि निकाल लगेच कळे. ग्रामीण भागातील मूल साध्या चॅटमधून व्यवस्थेशी जोडले जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

पण ‘स्वाध्याय’ची रचना एका दिशेची होती. प्रश्न यंत्रणेने विचारायचे, उत्तर मुलाने द्यायचे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला माणसाने उत्तर देणे हा त्या योजनेचा भाग नव्हता. आज गरज नेमकी त्याची आहे.

आंध्र प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये ‘मन मित्र’ ही व्हॉट्सॲप सेवा सुरू केली. सुरुवातीलाच १६१ सेवा त्यावर होत्या आणि नंतर परीक्षेची प्रवेशपत्रेही त्यावरून मिळू लागली. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. हे स्वागतार्ह आहे. मात्र दाखला मोबाइलवर मिळणे वेगळे आणि आपल्याला कोणता दाखला, कोणत्या क्रमाने, कधीपर्यंत लागणार हे कळणे वेगळे. दुसऱ्या कामाला स्थानिक माणूस लागतो.

अशी माणसे आपल्या परिसरात काम करत आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेली एकलव्य संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशासाठी मार्गदर्शक मिळवून देते. जळगावातील दीपस्तंभ फाउंडेशन स्पर्धा परीक्षा आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काम करते. या कामांचा धडा असा, की हुशारी कमी पडत नाही. योग्य वेळी योग्य माणूस भेटत नाही.

मग एक मोठा ग्रुप काढला तर?

पहिली कल्पना हीच सुचते आणि ती बहुधा फसते. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य मावतात. पण इतक्या जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक बाकी सर्वांना दिसतो. एकाच ग्रुपमध्ये शेकडो मुलींचे क्रमांक उघडे ठेवणे कोणत्याही शाळेला परवडणारे नाही. शिवाय एकच प्रश्न दहादा येतो, दहा जण दहा उत्तरे देतात आणि कोणते खरे ते कळत नाही. नव्याने आलेल्याला आधी झालेली चर्चा सहसा दिसत नाही. आणि लाजरा विद्यार्थी सर्वांसमोर विचारतच नाही. वडिलांच्या उत्पन्नाचा, जातीच्या दाखल्याचा किंवा नापास झालेल्या विषयाचा प्रश्न कोणी हजार लोकांसमोर का विचारील?

त्यामुळे व्यवस्था दोन भागांत हवी.

पहिला भाग सूचनांचा. व्हॉट्सॲपचे ‘चॅनेल’ त्यासाठी पुरते. ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली. त्यात फक्त चालक लिहू शकतो आणि अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. तारखा, अधिकृत परिपत्रके, मुदतवाढ एवढेच त्यावर यावे.

दुसरा भाग प्रश्नांचा. त्यासाठी एकच क्रमांक, पण उत्तर देणारे अनेक. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर जोडता येते. म्हणजे चार-पाच जण एकाच क्रमांकावरून वाटून काम करू शकतात. आलेल्या प्रश्नाला ‘नवा’, ‘विचारणा सुरू’, ‘तातडीचा’, ‘पूर्ण’ अशी लेबले लावता येतात. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे साठवता येतात. सामायिक चॅट म्हणजे हेच. एक शिक्षक रजेवर गेला म्हणून प्रश्न अडून राहत नाही, कारण तो प्रश्न त्याच्या खासगी फोनमध्ये नसतो.

या दोन भागांना जोडणारा दुवा महत्त्वाचा. दिवसभरात आलेल्या प्रश्नांपैकी सर्वांच्या उपयोगाचे चार-पाच प्रश्न, नाव-गाव काढून, उत्तरांसह संध्याकाळी चॅनेलवर टाकायचे. एकाने विचारले, शेकडोंना कळले. आणि विचारणारा कोण हे कोणालाच कळले नाही. हीच उत्तरे छापून शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तर मोबाइल नसलेल्यापर्यंतही ती जातात.

उत्तर कोण देणार?

शिक्षकांवर आणखी एक काम टाकू नये, हा आक्षेप रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यावर मर्यादा घातली, तरी प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला किती कामे येतात हे प्रत्येक शाळेला ठाऊक आहे. म्हणून काम तीन पायऱ्यांत वाटावे लागेल.

पहिल्या पायरीवर महाविद्यालयीन विद्यार्थी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात सामाजिक सहभाग आणि क्षेत्रकार्याला श्रेयांक आहेत. मुक्ताईनगरच्या श्रीमती जी. जी. खडसे महाविद्यालयासारख्या संस्थेला हे काम या तासांत बसवता येईल. मागच्याच वर्षी प्रवेशाच्या गोंधळातून गेलेला विद्यार्थी नव्याला जितके नीट समजावतो, तितके कार्यालयीन परिपत्रक समजावत नाही. ‘कमवा व शिका’ योजनेतून थोडे मानधनही देता येईल.

दुसऱ्या पायरीवर महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती लिपिक आणि एक प्राध्यापक. सामाजिक न्याय विभागाने महाविद्यालयांत समान संधी केंद्रे सुरू करण्यास २०२२ मध्ये सांगितले होते. ती फलकापुरती उरली असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे.

तिसऱ्या पायरीवर बाहेरची कार्यालये : तहसील, पंचायत समितीचा शिक्षण विभाग, समाजकल्याण, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. प्रत्येक ठिकाणी एक ठरलेली व्यक्ती असावी, जिच्याकडे अडलेला प्रश्न पाठवता येईल. ही पायरी कागदावर ठरली नाही तर पहिल्या दोन पायऱ्या फक्त धीर देण्याचे काम करतील.

नियम कोणते असावेत?

एक : उत्तर आठवणीवरून द्यायचे नाही. अधिकृत परिपत्रक किंवा माहितीपुस्तिकेतील पान आणि तारीख सोबत द्यायची. ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ हे चालणारे उत्तर मानायचे. ‘बहुतेक चालेल’ हे चालणारे नाही.

दोन : वेळ जाहीर करायची. सकाळी १० ते संध्याकाळी ६. प्रवेशाच्या हंगामात रात्री ९ पर्यंत. प्रत्येक प्रश्नाला २४ तासांत उत्तर किंवा निदान पोच. मुदत त्याच दिवशी संपत असेल तर प्रश्न ‘तातडीचा’.

तीन : भाषेची अट नाही. कोणी लेवा गणबोलीत बोलेल, कोणी उर्दूत, बऱ्हाणपूरच्या बाजूचा कोणी हिंदीत, कोणी रोमन अक्षरांत मराठी लिहील. आवाजी संदेशालाही उत्तर द्यायचे. ज्या आईला लिहिता येत नाही, तिलाही मुलीसाठी विचारता आले पाहिजे.

चार : क्रमांकावरून शिकवणी, सराव वर्ग किंवा महाविद्यालयाची जाहिरात करायची नाही. तालुक्यात प्रवेशासाठी स्पर्धा आहे. मदत क्रमांक एखाद्या संस्थेने ‘आमच्याकडे या’ सांगण्यासाठी वापरला, तर पहिल्या हंगामातच त्यावरचा विश्वास जाईल. म्हणून तो एका संस्थेचा न राहता सर्वांचा असावा आणि सर्व संस्थांचा एकेक प्रतिनिधी त्यावर देखरेख ठेवणारा असावा.

पाच : राजकारण बाहेर. क्रमांकावर कोणत्याही नेत्याचे छायाचित्र नको, कोणाच्या वाढदिवसाची शुभेच्छा नको.

मुलांची माहिती सुरक्षित कशी राहील?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अपेक्षा ठेवतो. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी याच वयातले. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी पालकांकडून साध्या मराठीतील संमतीपत्र घ्यावे. क्रमांक कशासाठी वापरला जाईल, कोण पाहील आणि कधी पुसला जाईल, एवढे त्यात असावे.

आधार कार्डाचा फोटो, ओटीपी, पासवर्ड, बँकेचा तपशील या गोष्टी मदत क्रमांकाने कधीही मागू नयेत. हे वाक्य चॅनेलच्या वर्णनातच लिहावे. प्रवेशाच्या हंगामात ‘फी परत मिळेल’, ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंकवर क्लिक करा’ असे बनावट संदेश फिरतात. तालुक्याला एकच खरा क्रमांक माहीत असेल तर खोटा ओळखणे सोपे जाते. तरीही फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवायचे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवे.

स्वयंसेवक आणि विद्यार्थी यांच्यातील संभाषण नेहमी सामायिक क्रमांकावरूनच व्हावे. ‘तुझा नंबर दे, मी फोन करतो’ याला पूर्ण मनाई. उत्तर देणाऱ्यांत मुली असाव्यात आणि ‘ताईशी बोलायचे आहे’ असे सांगण्याची सोय असावी. जुने संभाषण वर्षाअखेर पुसून टाकावे. फक्त नाव काढलेली प्रश्नोत्तरे ठेवावीत.

मोबाइल सर्वांकडे आहे का?

इथे भ्रम नको. ‘प्रथम’च्या असर २०२३ अहवालात १४ ते १८ वयोगटातील सुमारे ९० टक्के युवकांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते, तर मुली अवघ्या १९.८ टक्के. म्हणजे घरात फोन आहे, पण तो बाबांच्या खिशात किंवा भावाच्या हातात. मुलीला तो संध्याकाळी थोडा वेळ मिळतो आणि तिचा प्रश्न घरातले सगळे वाचतात.

म्हणून चॅट हा पर्याय असावा, सक्ती नसावी. प्रत्येक शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास एक फोन टेबलावर ठेवून शिक्षिकेसमोर प्रश्न पाठवता आला पाहिजे. कागदावर लिहिलेले प्रश्नही पेटीत घ्यावेत आणि त्याच यादीत नोंदवावेत. ज्या मुलीकडे फोन नाही, तिच्या प्रश्नाची वाट सर्वांत लांब असू नये.

दाखल्याच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असला तर?

मदत क्रमांक सुरू झाला की त्यावर केवळ अर्जाचे प्रश्न येणार नाहीत. ‘घरचे लग्न ठरवत आहेत’, ‘एक जण त्रास देतो’, ‘आता शिकायची इच्छाच नाही’ असेही संदेश येतील. बारावीतला स्वयंसेवक किंवा लिपिक समुपदेशक नसतो. त्याने समजूत घालत बसण्यापेक्षा ठरलेली वाट दाखवली पाहिजे : मानसिक ताणासाठी टेलि-मानसचा १४४१६, बालकांच्या संकटासाठी १०९८, तातडीच्या धोक्यात ११२. आणि त्याच वेळी नेमलेल्या शिक्षिकेला कळवले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे त्यात आहे. तालुका पातळीवरील संस्थांनी एकत्र येऊन ही नेमणूक केली, तर मदत क्रमांकाच्या मागे खरा माणूस उभा राहील. तक्रारी असतील तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. चॅटवर आलेली तक्रार तिथे पोहोचवायची, चॅटवरच मिटवायची नाही.

खर्च किती आणि सुरुवात कधी?

एक साधा स्मार्टफोन, एक नवे सिम, महिन्याचे रिचार्ज आणि महाविद्यालयात असलेले दोन-तीन संगणक. सुरुवातीला याहून अधिक काही लागत नाही. स्वतंत्र ॲप बनवण्याच्या फंदात पडू नये. तालुक्यासाठी नवे ॲप म्हणजे उद्घाटन मोठे आणि वापर शून्य, ही भीती असते. सिम मात्र कोणा शिक्षकाच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घ्यावे, नाहीतर बदली झाली की क्रमांकही जातो.

सुरुवातीची वेळ महत्त्वाची. बहुतेक मदत कक्ष जूनमध्ये उघडतात. त्या सुमारास आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरीच्या वाटेला लागलेली असते, पेरणीची लगबग असते आणि दाखल्यांची गर्दी शिगेला पोहोचलेली असते. तेव्हा उशीर झालेला असतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते. म्हणून क्रमांक डिसेंबर-जानेवारीतच प्रत्येक वर्गात पोहोचला पाहिजे आणि पहिला संदेश असा असावा : ‘तुमच्या प्रवर्गाला हे-हे दाखले लागतील, यातले कोणते नाहीत ते कळवा.’ परीक्षा संपताच उरलेल्या दाखल्यांचे अर्ज भरले, तर निकालाच्या दिवशी धावपळ उरत नाही.

यशाची मोजणी कशी करायची?

अनुयायी किती झाले, यावरून नाही. किती प्रश्न आले, कितींना २४ तासांत उत्तर मिळाले, किती तिसऱ्या पायरीवर अडले आणि मुदत चुकल्यामुळे कोणाचा प्रवेश किंवा सवलत हुकली का, हे चार आकडे दर महिन्याला फलकावर लावावेत. हे आकडे लपवायचे ठरले तर क्रमांक बंद केलेला बरा.

याचा आणखी एक उपयोग आहे. एकाच गावातून उत्पन्नाच्या दाखल्याचे अनेक प्रश्न येत असतील, तर त्या गावात महाराजस्व अभियानात शिबिर घ्यावे, हे तहसीलदारांना पुराव्यासह सांगता येईल. एकाच टप्प्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज अडकत असतील, तर कोणत्या टेबलावर ते कळेल. आज प्रत्येक विद्यार्थ्याची अडचण त्याची एकट्याची असते. एकत्र मोजली की ती व्यवस्थेची अडचण म्हणून समोर येते आणि कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

मुलांनी स्वतः वाचून शिकावे, सगळे हातात दिले तर ती परावलंबी होतील, असेही काही जण म्हणतात. नियम वाचायची सवय लागलीच पाहिजे. म्हणूनच प्रत्येक उत्तरासोबत मूळ परिपत्रकाचे पान द्यायचे. पण ज्या घरात इंग्रजी-मराठी सरकारी भाषेतली पन्नास पानी पुस्तिका पहिल्यांदाच आली आहे, तिथे ‘स्वतः वाच’ एवढेच सांगणे म्हणजे मदत नाकारणे आहे.

पुढे काय?

राज्याचा चॅटबॉट येईल तेव्हा येईल. त्याची वाट पाहत आणखी एक प्रवेश हंगाम घालवण्याचे कारण नाही. तालुक्यातील महाविद्यालये, कनिष्ठ महाविद्यालये आणि माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकारी व तहसीलदारांसह एक बैठक घ्यावी. त्या बैठकीत तीनच गोष्टी ठरवाव्यात : क्रमांक कोणत्या संस्थेच्या नावावर, तिसऱ्या पायरीवर कोणत्या कार्यालयातील कोण, आणि पहिला संदेश कोणत्या तारखेला. बाकीचे नियम चालता चालता सुधारता येतात.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही आपल्या शाळेत जाऊन हे विचारावे. बारावीचा वर्ग परीक्षेला बसण्याआधी फलकावर एक क्रमांक लिहिलेला असावा आणि त्या क्रमांकावर पाठवलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर यावे, एवढीच ही मागणी आहे. ती पूर्ण करण्यासाठी लागणारे सगळे तालुक्यात आज आहे.